आळीतला गोन्सालो

माझ्या आजीच्या लेखी गोन्सालो गार्सिया संत नंतर होता, आधी तो शेजारच्या आळीतला पोरगा होता. "बाप पोर्तुगीज. त्याचं आपल्याला काही ठाऊक नाही. पण आई आपल्यातली," अशी तिची सुरुवात असायची. मग तो फादरांच्या शाळेत कसा जायचा, किती हुशार होता, आईचं ऐकायचा की नाही (ऐकायचा, आजीच्या गोष्टीतली सगळीच मुलं ऐकायची), आणि एक दिवस फादरांबरोबर गलबतात बसून जपानला कसा गेला, हे सगळं ती विड्याची पानं निवडता निवडता सांगे. जपान तिनं पाहिलेला नव्हता. तिचं जग पश्चिमेला भुईगावच्या समुद्रापाशी आणि दक्षिणेला दादरच्या बाजारापाशी संपायचं. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा, हाच काय तो तिचा प्रवास. तरी जपानचं नाव ती अशा सुरात घ्यायची की आम्हाला वाटे, ते विरारच्या पुढचं स्टेशन असावं.

आम्ही वसईचे कॅथलिक, वाडीत राहणारे. हे सांगितलं की पुण्यानागपूरकडची माणसं अजून अधूनमधून म्हणतात, "पण तुमचं मराठी चांगलं आहे हो!" आता यावर काय बोलावं? घरात आमची बोली, शाळेत पुस्तकी मराठी, देवळात मराठी मिस्सा. सामवेदी म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी असे आमच्यात पोटभेद आहेत आणि प्रत्येकाची बोली निराळी. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, त्यानंतरच्या काळात आमच्यातल्या कुणा तरी पूर्वजानं डोक्यावर पाणी घेतलं. कुणी श्रद्धेनं, कुणी धाकानं, कुणी जमिनीसाठी आणि कुणी केवळ थोरल्या भावानं घेतलं म्हणून. कोणी कशासाठी, ते आज सांगता येणार नाही. घराघरांत याच्या वेगवेगळ्या कथा आहेत आणि प्रत्येक घराला आपलीच खरी वाटते. नाव तेवढं बदललं. पानवेल, केळी, मोगरा, रहाट आणि भावकीतली भांडणं होती तशीच राहिली.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली की आळीत हाका सुरू व्हायच्या. हातपाय धुऊन मुलांनी आल्तारासमोर बसायचं. आल्तार म्हणजे भिंतीतलं लाकडी देवघर. त्यात मरियामाता, संत अंतोनी, येशूचं पवित्र हृदय आणि प्लास्टिकच्या फुलांशेजारी रोजची ताजी मोगऱ्याची वेणी. जपमाळेच्या पन्नास 'नमो मरियां'पैकी मला तिसाव्यापर्यंतच्या आठवतात. पुढचं झोपेत. मावशी पाठीत कोपर मारून जागं करायची. माळ संपली की धाकट्यांनी थोरांपुढे हात जोडून आशीर्वाद मागायचा, सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करून, आणि त्या रांगेत भांडणाला बंदी. दुपारी ज्या काकानं कैरी पाडली म्हणून कान पिळला होता, त्याच्यापुढेही हात जोडावे लागत आणि त्यालाही डोक्यावर हात ठेवावा लागे. धर्म म्हणून जे काही माझ्या अंगात उतरलं त्यातलं बरंचसं त्या रांगेतून आलं असावं. प्रवचनांमधून फार थोडं. गोष्टींची वेळ यानंतरची. जेवणाआधीच्या त्या अर्ध्या तासात आजी गोन्सालोला जपानला पाठवायची.

मोठेपणी मी त्याचं चरित्र वाचलं. जन्म १५५७च्या सुमारास, वसईत. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईत येशूसंघीयांकडे (जेझुइटांकडे) शिकला आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्याबरोबर जपानला गेला. भाषा इतक्या लवकर उचलली की वर्षानुवर्षं तो तिथं धर्मशिक्षक म्हणून राबला. येशूसंघात मात्र त्याला प्रवेश मिळाला नाही. मग तो व्यापारात पडला, पैसा कमावला, मनिलाला गेला आणि तिथं फ्रान्सिस्कनांमध्ये साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कनाबरोबर फिलिपिन्सच्या गव्हर्नराचा निरोप घेऊन जी मंडळी जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेली, त्यांचा दुभाष्या हा वसईचा गोन्सालो. म्हणजे सत्ताधीशाच्या दरबारात दोन्ही बाजूंच्या तोंडचे शब्द याच्या जिभेवरून जात होते. पहिला भारतीय संत पेशानं दुभाष्या होता, हे मला त्याच्या हौतात्म्याइतकंच नवलाचं वाटतं. आणि याबद्दल आमच्याकडच्या प्रवचनांत कुणी फारसं बोलत नाही, याचं थोडं वाईटही.

१५९६ साली सान फेलिपे नावाचं स्पॅनिश गलबत जपानच्या तोसा किनाऱ्यावर फुटलं. त्यातल्या मालावरून तंटा झाला, संशय वाढला आणि हिदेयोशीनं धर्मगुरूंना पकडायचा हुकूम काढला. चोवीस जणांचे डावे कान कापले, क्योतोत त्यांची धिंड काढली आणि भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं; वाटेत आणखी दोघांना धरलं, म्हणजे एकूण सव्वीस. ती वाटचाल सुमारे महिनाभर चालली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी मारलं. सव्वीसांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्या प्रापंचिकांत लुई इबाराकी बारा वर्षांचा, आंतोनी तेरा वर्षांचा, थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. थॉमसचा बापही त्याच्याबरोबर होता. वाटेत थॉमसनं आईला लिहिलेलं पत्र त्या बापाच्या अंगावर सापडलं.

आजीच्या गोष्टीत यातलं बरंच काही नव्हतं, आणि जे होतं त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. तिचं गलबत आफ्रिकेवरून जायचं. तिचा हिदेयोशी "जपानचा पेशवा" होता. पण लुई मात्र तिच्याकडे नीट होता. बारा वर्षांचा पोर टेकडीवर पोचताच "यातला माझा क्रूस कोणता?" असं विचारतो, हा प्रसंग ती सांगायची तेव्हा मी स्वतः बारा वर्षांचा होतो, आणि दुसऱ्या दिवशी गणिताची चाचणी होती. त्या रात्री मला गणिताची भीती वाटली नाही. त्याहून मोठी आणि निराळीच एक वाटली, जिला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही. रविवारच्या धर्मशिक्षणात आभाळ फाटल्याचे, समुद्र दुभंगल्याचे चमत्कार ऐकताना आम्ही निवांत खिडकीबाहेर बघत असू. माझ्याच वयाचा मुलगा ऐकताना तसं बघता आलं नाही.

चरित्रात नसलेलं, पण आजीकडे भरपूर असलेलं एक माणूस होतं: गोन्सालोची आई. कागदपत्रांत तिचं नाव येत नाही. आजीनं तिला पडवी दिली होती, पडवीत दिवा दिला होता, आणि दर पावसाळ्याआधी बंदराकडे जाऊन कोणतं गलबत कुठून आलं हे विचारायची सवय दिली होती. "कुणी सांगितलं असेल का गं तिला?" असं विचारलं की आजी म्हणायची, "सांगायला कोण होतं? दुभाष्या तर मेला." हा इतिहास नव्हे, हे मला मान्य आहे. पण १८६२ साली रोममध्ये नववे पायस पोप त्याला संत म्हणून जाहीर करतात तिथवर पोचायला इतिहासाला अडीचशेच्या वर वर्षं लागली. आजी त्याच्या आईच्या पडवीपर्यंत रोज जाऊन येत होती.

किल्ल्यात आम्ही जायचो ते गोन्सालोच्याच सणाला. वसईच्या किल्ल्यातली चर्चं आता बिनछपराची आहेत. भिंतींतून वड-पिंपळ उगवलेत, जमिनीवरच्या थडग्यांच्या दगडांवर पोर्तुगीज अक्षरं आहेत. एरवी तिथं लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी फिरतात. सणाच्या दिवशी त्याच पडक्या चर्चमध्ये मिस्सा होते. वर छप्पर नसताना हजार माणसं गाऊ लागली की आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही, वर जातो आणि तिथंच राहतो, असं मला लहानपणी वाटायचं. मिस्सा संपली की आम्ही मुलं थडग्यांवरून उड्या मारायचो. खाली कुणी फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज सरदार, झोपलाय हे सांगून मोठी माणसं आम्हाला घाबरवायची, आणि त्याला उठवायचं म्हणून आम्ही मुद्दाम जोरानं उड्या मारायचो.

किल्ल्याचा विषय निघाला की सूत्रं आजोबांकडे जायची. ते आजीसारखे रंगवून सांगत नसत. तुटक बोलायचे आणि मध्ये तंबाखू मळायला थांबायचे. त्यांची गोष्ट घंटांची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. महिनोन्महिने वेढा, सेंट सेबॅस्तियन बुरुजाखाली सुरुंग, मग मे महिन्यात पोर्तुगिजांची शरणागती. तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या धर्माप्रमाणे वागू देण्याचं कलम होतं. पोर्तुगीज धर्मगुरू गेले, गोव्याचे फादर आले आणि आमची माणसं राहिली. "घंटा मात्र गेल्या," आजोबा म्हणायचे. "एक नाशकाला, नारोशंकराच्या देवळात. एक भीमाशंकरला. एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या घाटावर." नावं घेताना त्यांच्या बोलण्यात राग नसायचा. मुली लग्न होऊन कुठे कुठे गेल्या, तशी ते गावं मोजायचे.

शाळेत मात्र गंमत व्हायची. इतिहासात मराठ्यांचा विजय आला की आम्ही सगळे, डिमेलो-लोपीस-रॉड्रिग्जसुद्धा, बाकं बडवायचो. घरी येऊन आजोबांना सांगायचो की आपण वसई जिंकली. आजोबा म्हणायचे, "बरं झालं. घंटा परत आणल्यात का?" मुलांना यात काही विसंगत वाटत नाही. आपण मराठे, आपण ख्रिस्ती आणि किल्ला आपला, हे तिन्ही एका दप्तरात मावतं. ते वेगवेगळ्या दप्तरांत घालायची घाई होते ती मोठ्यांना, दोन्हीकडच्या.

आमच्या धर्मग्रामातली कॉलेजची पोरं काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात ट्रेकला गेली होती. कुणीतरी मोठं हवं म्हणून मलाही ओढलं. दरवाज्यातून आत गेल्यावर भाविकांची रांग, धुकं, ओले दगड आणि शनीच्या देवळासमोर टांगलेली ती घंटा. पोरं फोटो काढत होती. एका मुलीनं हात लावला आणि ओरडली, "अंकल, क्रूस आहे!" खरंच आहे, घंटेवर क्रूस आहे. ही मुलं आजोबांच्या गोष्टीत वाढलेली नव्हती. त्यांतली निम्मी वसई रोडच्या सोसायट्यांतली. मी त्यांना सांगितलं, तशी सगळी घंटेभोवती गोळा झाली. रांगेतल्या एका गुरवबाबांनी विचारलं, काय बघताय? पोरांनी सांगितलं. त्यांनी घंटेकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग वाजवा की." पोरांनी आळीपाळीनं वाजवली. परतीच्या एसटीत माझ्या शेजारी बसलेला मुलगा, जो जाताना सारा वेळ कानात बोंडं घालून होता, तो खारघर येईपर्यंत चिमाजी अप्पांबद्दल विचारत राहिला. मला आजोबांइतकं तुटक बोलता येत नाही, त्यामुळे त्याला जरा जास्तच ऐकावं लागलं.

घंटांवरून आणखी एक. पुण्यगुरुवारच्या मिस्सेत गौरवगीत झालं की घंटा बंद. शुक्रवार, शनिवार एकही घंटा नाही. त्या दोन दिवसांत लाकडी खटखट्या वाजवून लोकांना बोलवायचं. लहानपणी त्या खटखट्यासाठी आम्ही मारामारी करायचो, आणि मला वाटतं, ज्या घराला घंटेची सवय आहे त्या घरातल्या मुलालाच घंटा नसल्याचं कळतं. शनिवारी रात्री अंधाऱ्या चर्चबाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून हजार छोट्या मेणबत्त्या. बापाच्या हातातली ज्योत पोराच्या मेणबत्तीला, पोराची शेजारच्या बाईला, त्या बाईची बोलाचाली बंद असलेल्या जावेला. आमच्या घरात एक जुना अबोला याच रात्री संपला. मेणबत्ती विझली होती आणि दुसरं कुणी जवळ नव्हतं, इतकंच त्याचं कारण. मग गौरवगीताला सगळ्या घंटा एकदम सुटतात. तोवर पेंगलेली मुलं दचकून रडायला लागतात, आणि दर वर्षी म्हाताऱ्या बाया त्या रडण्याकडे बघून हसतात.

आजीच्या तरुणपणी ही सगळी पूजा लॅटिनमध्ये होती. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ. आजोबा लहानपणी वेदीसेवक होते. त्यांना सगळे लॅटिन प्रतिसाद पाठ, अर्थ एकाचाही ठाऊक नाही. म्हातारपणी ताप आला की ते बडबडायचे ते लॅटिनमध्ये, आणि शेजारचे डॉक्टर घाबरायचे. बाया मिस्सेत आपापली जपमाळ ओढत बसायच्या. १९६२ ते १९६५ दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि तिच्या निर्णयांनी लोकभाषांना वेदीवर जागा दिली. वसईच्या चर्चांतून मराठी मिस्सा सुरू झाली. त्या पहिल्या रविवारी घरी आल्यावर आजी म्हणाली होती, "एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं कुजबुजत का होते?" आजोबा मात्र चिडले. त्यांच्या मते देवाला मराठी येत असली, तरी त्याच्याशी बोलताना आपण जरा निराळं बोलायला हवं. हा वाद आमच्या घरात त्यांच्या मरणापर्यंत चालला. मी आजीच्या बाजूचा. पण एक कबूल करायला हवं, आजोबांचं लॅटिन ऐकताना अंगावर जो काटा यायचा, तो छापील पुस्तिकेतल्या मराठीनं कधी आला नाही. तो काटा पुढे मला भलतीकडेच भेटला. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयानं गोव्यात बसून दहा हजारांहून जास्त ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. राशोलला १६१६ साली ते रोमन लिपीत छापलं गेलं, आणि तुकोबा तेव्हा देहूत लहान होते. त्या ओव्या मोठ्यानं वाचल्या की आजोबांची मागणी आणि आजीची मागणी, दोन्ही एकाच वेळी पुऱ्या होतात.

आता हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की आमच्या वाड्या म्हणजे बंद पेटी. तसं मुळीच नव्हतं. निर्मळला तळं आहे, शंकराचार्यांची समाधी आहे आणि तिथंच होली क्रॉस चर्चही आहे. कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेला आम्ही जायचो ते बत्तासे आणि सुकेळी खायला. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली ती सुकेळी, आगाशीची नावाजलेली. आजीचं दर्शनही व्हायचं. ती समाधीपुढे उभी राहायची नाही, पण चालता चालता डोक्यावरचा पदर सारखा करायची. का, असं विचारलं तर म्हणायची, "कुणाच्या ओटीवरून जाताना करतो तसा." याहून शहाणा आंतरधर्मीय संवाद मी नंतरच्या कुठल्याच परिसंवादात ऐकला नाही. वसई धर्मप्रांत १९९८ साली झाला. त्याचे पहिले महागुरू थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या देवानुभवावर डॉक्टरेट केली होती. ही बातमी घरात कळली तेव्हा आजी नव्हती. असती तर तिला यात नवल वाटलं नसतं.

नवल मला वाटलं ते वेगळ्याच प्रसंगी. १९८०च्या दशकाच्या शेवटी वसईची शेतजमीन बांधकामाला खुली होऊ लागली. टँकर आले, विहिरी खाली गेल्या, दमदाटी सुरू झाली. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ज्या फादरांना आम्ही वेदीवर पाहिलेलं, ते पांढऱ्या झग्यात रस्त्यावर, त्यांच्या मागे पानवाले, फुलवाले, भाजीवाल्या बाया, हिंदू-ख्रिस्ती-मुसलमान. माझी मावशी, जिनं आयुष्यात नवऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं, ती मोर्चात घोषणा देत होती. घरी आल्यावर तिचा आवाज बसलेला आणि डोळे असे चमकत होते की आम्हाला ती कोणी परकी बाई वाटली. मिस्सा झाल्यावर दारात उभं राहून "शांतीनं जा" म्हणणारा माणूस आपल्याबरोबर उन्हात चालतो, याचा तरुण पोरांवर काय परिणाम होतो ते मी तेव्हा पाहिलं. पाणी तसंही गेलं, इमारतीही झाल्या, हे खरंच. पण आमच्या पिढीतली कितीतरी माणसं चर्चमध्ये टिकली ती त्या मोर्चांमुळे. हेच दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं आणि जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. काहींनी विरोध केला. आजारी असताना ते चाकाच्या खुर्चीतून मंचावर आले, तेव्हा नंदाखालपासून पापडीपर्यंत घरोघर टीव्ही लागले होते. २०२४च्या जुलैत ते गेले.

आजच्या तरुण मुलांबद्दल बोलायचं तर मला आधी स्वतःला आवरावं लागतं. त्यांच्या मेळाव्यांत गिटार असते, ड्रम असतात, पडद्यावर शब्द सरकतात, दिवे निळे होतात. माझ्यासारख्याचं तिथं डोकं दुखतं. पण डिसेंबरात याच मुलांना मी गोठा करताना पाहतो. नाताळाच्या आठदहा दिवस आधी परातीत माती घालून नाचणी किंवा गहू पेरायचा, म्हणजे चोवीस तारखेला गोठ्यात हिरवंगार गवत. किती दिवस आधी पेरायचं, थंडी जास्त असेल तर काय, परात रात्री आत घ्यायची का, हे कुठल्याच व्हिडिओत नीट सापडत नाही. त्यासाठी सोसायटीतली पोरं अजून वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे येतात. गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावरच्या एका गॅलरीतली नाचणी उगवलीच नाही. आमच्या आळीतल्या आत्यानं आपल्या दोन परातींतली एक उचलून रिक्षात घालून पाठवली, आणि आपल्या गोठ्यात येशूबाळाला अर्धंच कुरण ठेवलं. तो मुलगा ती परात मांडीवर घेऊन रिक्षात बसलेला मी पाहिला. अठरा-एकोणीस वर्षांचा, दाढीवाला, रिक्षा खड्ड्यातून गेली की दोन्ही हातांनी गवत झाकणारा.

माझी भाची रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. तिनं यंदा पुस्तक बाजूला ठेवून आळीतल्या चार म्हाताऱ्या बायांना वर्गात आणून बसवलं. गोन्सालोचं सगळं चरित्र, लुई आणि आंतोनी आणि थॉमसच्या पत्रासकट, तिनं नीट सनावळीनिशी सांगितलं. म्हाताऱ्या मान डोलावत होत्या. एकीनं मध्येच दुरुस्ती केली की तो गासचा. गासला त्याच्या नावाचं चर्च आहे, एवढ्या पुराव्यावर. दुसरी म्हणाली, नाही, किल्ल्यातलाच. पाच मिनिटं दोघींचं जुंपलं. मुलं खूश.

मग मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "मिस, तो पंधरा वर्षांचा असताना गेला ना? मग जपानी शिकताना आपली बोली विसरला असेल का?"

भाचीला उत्तर येईना. तिनं म्हाताऱ्यांकडे पाहिलं. गासवाली बाई पदर सावरत म्हणाली, "जपानात बसून तो विसरला असेल हो. पण राग आल्यावर तो कुठल्या भाषेत बोलायचा, ते कुणी लिहून ठेवलंय का?"

कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. मग रागाचे बोलीतले किती शब्द कुणाला येतात याची वर्गात चढाओढ लागली, म्हाताऱ्या पंच झाल्या, आणि फादर खिडकीतून डोकावून गेले तरी कुणाचं लक्ष नव्हतं.